माप मोठ्यानं बोलायचं नाही

माझी बायको लग्नाच्या आधीपासून ब्लाउज शिवते, आणि इतक्या वर्षांत तिनं एकाही बाईचं माप माझ्या कानावर पडू दिलेलं नाही. गिऱ्हाईक दारात आलं की आधी मला बाहेर काढायची. मी एसटीचा ड्रायव्हर, भरल्या गाडीला एका आवाजात गप्प करणारा माणूस, पण गळ्यात टेप अडकवलेल्या बाईपुढं माझं काय चालणार. मुकाट्यानं चपला घालायचो आणि तेलगावच्या चौकात जाऊन चहा पीत बसायचो.

बाजारातले टेलर कसं करतात ते तुम्ही पाहिलंच असेल. टेप लावायचा आणि आकडा मोठ्यानं ओरडायचा, म्हणजे पलीकडं बसलेला लिहून घेतो. आकडा सगळ्या दुकानाला ऐकू जातो आणि ती बाई बिचारी जमिनीकडं बघत उभी राहते. आमच्या हिनं आकडा कधी तोंडातून काढला नाही. टेपकडं बघायची, मनात धरायची आणि पाठ फिरवून लिहून घ्यायची. मी एकदा म्हणालो, "एवढं काय गं, आकडाच तर हाय." तर म्हणाली, "आकडा तिचा हाय. मला कापड कापायपुरता दिलाय तिनं." मला ते पटलं नाही, पण चपला घातल्या आणि चौकात गेलो.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे किचनचं सॉफ्टवेअर. हसू नका, तिकडंच येतोय.

माझ्या पोरानं चौकाच्या अलीकडं फर्निचरचं दुकान टाकलं, मागं वर्कशॉप. आधी दिवाण, कपाटं, देव्हारे करायचा. मग लोकांना मॉड्युलर किचन पाहिजे झालं. गावोगाव स्लॅबची घरं उठली आणि घर म्हटलं की ट्रॉल्यांचं किचन आलंच. पोरानं कॉम्प्युटर आणला, त्यात किचन काढायचं सॉफ्टवेअर घातलं आणि स्वतः दिवसभर साइटवर राहायला लागला. दुकानात बसवलं मला. आता रिटायर झालेला ड्रायव्हर गिऱ्हाइकाशी गोड बोलेल असं ज्याला वाटतं त्याची कमाल आहे. एकजण तिसऱ्यांदा सनमायक्याचा रंग बदलायला आला, त्याला मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्या दिवशी संध्याकाळी पोरानं मला हात जोडले आणि दुसऱ्या दिवसापासून हिनं शिलाई मशीन घरातून उचलून दुकानात मांडलं, कॉम्प्युटरच्या शेजारी.

शिवता शिवता ती पोराकडं बघायची. काही दिवसांनी विचारायला लागली. मग एक दिवस पोरगं जेवायला गेलेलं असताना माउस हातात घेऊन बसली, आणि पोरगं परत आलं तरी उठली नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढली की भिंतीचं माप आपोआप उमटतं. ओटा काढला की ओट्याचं, खिडकी काढली की खिडकीचं, ट्रॉलीचं, ट्रॉलीच्या आतल्या फळीचं, दोन फळ्यांमधल्या फटीचंसुद्धा. या टोकापासून त्या टोकापर्यंत बाण, बाणावर आकडा, त्याच्यावर दुसरा बाण. आणि सगळं मिलिमीटरमध्ये. पडदा भरून जायचा नुसता. हिनं चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "हे तर बाजारातल्या टेलरसारखं करतंय. सगळ्यांचं सगळं वरडून सांगतंय."

पोरगं म्हणालं, "आई, ते तसंच येतं."

"तसंच येतं म्हणून तसंच ठिवायचं व्हय," असं म्हणत ती सेटिंगमध्ये शिरली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नवीन रस्त्याला गाडी घालताना मी जसा गिअर कमी करायचो तशी हळू चालली होती, एक दार उघडायची, आत काय आहे ते बघायची, लागलं तर बदलायची, नाही तर होतं तसं ठेवून बाहेर यायची. आधी मिलिमीटरचे इंच केले. आमच्याकडचे मिस्त्री इंच आणि सूत बोलतात, इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे एक सूत. म्हणून अपूर्णांक आठाच्या भागात दिसेल असं करून घेतलं. मग आकडे मोठे केले, कारण साइटवर उजेड असेल-नसेल. बाणांची टोकं बारीक होती ती जाड केली. माप भिंतीला चिकटून यायचं, ते जरा लांब सरकवलं. मापाला रंग दिले. मग तिला ते डोळ्याचं चिन्ह सापडलं.

प्रत्येक मापाच्या पुढं एक बारीक डोळा असतो. तो उघडा असला की माप दिसतं, दाबून मिटला की गायब. माप जात नाही, आत असतंच, फक्त दिसत नाही. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला तो पोराच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. एक दाबायची, माप जायचं. पुन्हा दाबायची, यायचं. मी म्हणालो, "अगं, खेळणं हाय का ते." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर आमच्या दुकानातून एका किचनचे चार वेगवेगळे कागद निघायला लागले. नळवाल्याच्या कागदावर फक्त नळ आणि पाईप किती उंचीवर ते. वायरमनच्या कागदावर बोर्डांची मापं. फरशीवाल्याला दगडाची लांबी-रुंदी. आणि गिऱ्हाइकाला सुबक चित्र, वर मोजके दोन-तीन मोठे आकडे. ज्याला जे लागतं तेवढंच त्याच्या हातात. मिस्त्री लोक तर "काकूचा कागद" असंच म्हणायला लागले. दुसऱ्या कुणाचा नकाशा आला की कुरकुर करायचे, यात काही कळत न्हाई, काकूचा कागद द्या. मी बाहेर खुर्ची टाकून हे ऐकायचो. बायकोची स्तुती तोंडावर करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजायचो.

आता आक्काचं सांगतो.

आक्का माझी थोरली बहीण. आमची आई लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं. तिला धर्मापुरीला दिली, जुन्या देवळाच्या अंगाला तिचं घर. त्या गावात लग्न असो की बारसं, भाकरी थापायला पहिला निरोप आक्काला. तिची भाकरी लाकडाच्या काटवटीतून उचलली की मागं-पुढं सारखी, कडेला एक चीर नाही. मी गाडी घेऊन परळीला गेलो की वाट वाकडी करून जायचो, आणि ती ताव्यावरची भाकरी सरळ माझ्या ताटात टाकायची.

तिला लकव्याचा झटका आला. डावं अंग गेलं. पुढं औषधपाण्यानं काठी टेकत चालायला लागली, बोलणं सुधारलं, उजवा हात तर पहिल्यासारखाच होता. पण सुनेनं तिला स्वयंपाकघरात येऊ देणं बंद केलं. पार बंद. आक्का समोरच्या खोलीत खुर्चीवर बसायची आणि तिथं तिला ताट यायचं. भेटायला गेलो तर म्हणाली, "भाऊ, मी माज्याच घरात पाव्हणी झाले बघ. ताट येतं, पाणी येतं. आवतन धाडायचं तेवढं ऱ्हायलंय." ताटातली भाकरी अर्धी तशीच होती. "खात कावून न्हाईस," मी विचारलं. म्हणाली, "मला माज्या हातची भाकरी पायजे. येकदा थापू द्या, मंग काय व्हायचं ते होऊ द्या."

माझं डोकं फिरलं. ती सून मला आधीपासून कळतच नसे. शिकलेली, कमी बोलणारी, हसायचं म्हटलं तर ओठ जेमतेम हलायचे. सासूला आत्याबाई म्हणायची, औषधं वेळेवर द्यायची, कपडे स्वच्छ ठेवायची, पण स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची ती शिपायासारखी. मी तिथंच काहीतरी बोलणार होतो, हिनं माझ्या हाताला चिमटा काढला.

आता आक्काचं आणि हिचं काही फार गुळपीठ होतं असं नाही. ही लग्न होऊन आली तेव्हा हिनं थापलेली पहिली भाकरी बघून आक्का चार बायकांत म्हणाली होती, हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा काढलाय. ते हिच्या मनात होतं. कधी बोलली नाही, पण आक्का आली की ही भाकरी करायची नाही, पोळ्या करायची. इतकं बारीक.

त्याच सुमारास भाच्यानं जुन्या घराच्या पुढं नवीन घर बांधायला काढलं, आणि किचनचं काम मामाच्या दुकानाला दिलं. परत येताना मोटारसायकलवर मागं बसलेली ही सिरसाळा आलं तशी पुढं वाकली. मग म्हणाली, "आक्काला बसून थापता यील आसं करते. जागा हाय तेवढी."

ती तयारीनं गेली पुढच्या खेपेला. ओट्याचा एक कोपरा खाली घ्यायचा, समोर खुर्ची बसेल, गुडघे आत जातील, असं चित्र काढून नेलं. आक्कानं चित्र बघितलं आणि बाजूला सारलं.

"माज्यासाठी ओटा खुजा करायचा न्हाई. वास्तुशांतीला समदं गाव येणार. हे खाली कावून केलंय म्हणून इचारणार. मंग सांगत बसा, म्हातारीला उभं ऱ्हाता यिना. मी हाये तितंच बरी हाये."

"आक्का, गावाला म्हाईत न्हाई का तुला लकवा झालाय ते," मी म्हणालो. आवाज चढला माझा.

"म्हाईत असणं येगळं. घरात मधोमध मांडून ठिवणं येगळं."

मला वाटलं, संपलं. पण आमच्या हिनं काय करावं? तिनं वाद घातला नाही. मला म्हणाली, "तुमी जरा भाईर जाता का." आणि गळ्यात टेप अडकवला.

मी बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. भाचा, त्याची बायको, सगळ्यांना तिनं बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आत दोघीच. एकीनं दुसरीच्या भाकरीला नकाशा म्हटलेलं, आणि दुसरीनं ते आयुष्यभर धरून ठेवलेलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. ही बाहेर आली, चप्पल घातली आणि चला म्हणाली. आत आक्का खुर्चीवर पदर नीट करत होती आणि रागात नव्हती.

दुकानात आल्यावर हिनं नवीन चित्र काढलं. ओटा सरळ, एका उंचीचा, जसा सगळ्यांचा असतो. पण त्याच्या खाली एक ट्रॉली अशी की तिचं दार इतर दारांसारखंच दिसणार, आणि ओढली की आतून रुंद फळी बाहेर येणार, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या बेतानं. थापून झालं की आत सारायची. आक्काला ते तिथं बंद दाराआडच पटलं होतं, म्हणून राग नव्हता.

वर्कशॉपमध्ये पोरानं तशी फळी बनवून दाखवली. ही म्हणाली थांब, घरून काटवट आणि पीठ आणलं आणि तिथंच लाकडाच्या भुशात खुर्ची टाकून भाकरी थापायला बसली. दोन थापांत काटवट नाचायला लागली. भाकरी थापणं म्हणजे काय ते ट्रॉली बनवणाऱ्या कंपन्यांना कुठून माहीत असणार. मग पोरानं फळीला खाली घडीचा पाय बसवला, फळी बाहेर आली की टेकणारा. हिनं पुन्हा थापून बघितलं. फळी जागची हलली नाही. मिस्त्री लोकांनी ती भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली, कुणी नकाशा म्हणालं नाही.

कॉम्प्युटरवर हिनं आक्काची सगळी मापं घातली होती, आपल्याला कळावं म्हणून नाव देऊन. आक्का कोपर. आक्का गुडघा. आक्का उजवा हात कुठवर. मी मागून डोकावलो तर तिनं पटापट डोळे मिटवले, मापांचे. पडद्यावर नुसता ओटा राहिला. मी सख्खा भाऊ, पण मलासुद्धा दाखवायची तयारी नव्हती. मिस्त्रीच्या कागदावर फक्त फळीची उंची आणि रुंदी जाणार होती, बाकी काही नाही.

आणि इथंच घोटाळा झाला. मिस्त्रीला मोठा कागद पाहिजे होता, म्हणून पोरानं ती फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि परळीत एका दुकानातून छापून घेतली. आता तिच्या कॉम्प्युटरवर मिटलेले डोळे त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर सताड उघडे राहतात, हे कुणाला माहीत? पोरानं घाईत बघितलं नाही, कागद नेऊन मिस्त्रीला दिला. आणि मिस्त्रीनं आमच्याकडं सगळे करतात तेच केलं, कागद किचनच्या भिंतीला मधोमध चिकटवला, येता-जाता दिसावा म्हणून.

आम्हाला कळलं कसं, तर मिस्त्रीचा फोन आला दुकानात. मीच घेतला. म्हणाला, "काका, ह्यो 'आक्का गुडघा' म्हणून जो माल लिवलाय, तो कोणत्या कंपनीचा? परळीत मिळंना."

मी हसणार होतो, पण हिनं शेजारी बसून ते ऐकलं होतं. तिचा चेहरा असा उतरला की मी फोन ठेवून दिला. हातातलं ब्लाउज तसंच मशीनवर टाकलं आणि म्हणाली, "गाडी काढा."

तेलगावपासून धर्मापुरीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागून आम्ही चाललो होतो आणि ती मागं बसून एकच म्हणत होती, "मी बाईचं माप भितीला लावलं. अवं, मी भितीला लावलं." मी म्हणालो, तू कुठं लावलं, मिस्त्रीनं लावलं. तर म्हणे, "माझ्या हातचं हाय ते." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, निदान मला काही बोलता आलं असतं.

नव्या घरात पोचलो. मिस्त्री जेवायला गेलेला. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे होते आणि मध्ये कागद नव्हता. ही फरशीवर बसून भुशात कागद चाचपायला लागली. मला वाटलं आक्कापर्यंत गेला कागद, झालं, आता आक्का या नव्या घरात पाऊल ठेवायची नाही.

तेवढ्यात मागच्या दारानं भाच्याची बायको आली. तिनं हिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कमरेला खोचलेली कागदाची घडी काढून हिच्या हातात दिली.

"सकाळीच काढला, मामी. मिस्तरी अन् मी, तिसऱ्या कुणी न्हाई बघितला."

हिनं घडी न उघडता मुठीत धरली. मग ती सून, जी वर्षाला दहा वाक्यं बोलत नसेल, हिच्या शेजारी खाली बसली आणि सांगायला लागली. लकव्यानंतर आत्याबाई बऱ्या झाल्या, पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसल्या. डावा हात ताव्याला टेकला. त्यांना कळलंच नाही. हाताला काही समजतच नाही ना. सून पीठ मळत होती, तिला वास आला तेव्हा तिनं वळून बघितलं. "त्या हसत हुत्या वो मामी. हात भाजत हुता अन् त्या माझ्याशी हसून बोलत हुत्या." आक्कानंच तिला बजावलं होतं की हे कुणाला सांगायचं नाही, भावाला तर मुळीच नाही. म्हणून ती दारात उभी राहायची. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, माझ्या डोळ्यांतला रागही तिला दिसत असणारच, पण सासूचा शब्द मोडला नाही.

मी उगाच खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिलो. लिंबाखाली आक्का खुर्चीवर बसली होती, डावा हात मांडीवर पदराखाली झाकलेला. तो ती नेहमीच झाकायची. मला वाटायचं थंडी वाजत असेल. माझ्या मनात त्या सुनेबद्दल जे जे होतं ते सगळं गळून पडलं, आणि खरं सांगतो, तिच्या पाया पडावं असं वाटलं.

सून म्हणाली, "मामी, फळी शेगडीच्या ह्या बाजूला दिसती कागदावर. म्हंजी शेगडी त्यांच्या डाव्या हाताला यिती." तिनं तो कागद नीट वाचला होता. आमच्या हिनं घडी उलगडली, बघितलं आणि हळूच मान हलवली. आक्कानं हिलासुद्धा भाजल्याचं सांगितलं नव्हतं. परत गेल्यावर हिनं फळी दुसरीकडं घेतली, म्हणजे शेगडी आक्काच्या उजव्या हाताला आली आणि डावा हात भिंतीकडं, सुरक्षित. आणि या वेळी कागद छापायला ती स्वतः परळीला गेली. दुकानदाराच्या मागं उभं राहून एकेक डोळा मिटलेला आहे का ते बघून घेतलं.

वास्तुशांतीला खरोखर सगळं गाव आलं. पूजा झाली आणि बायका किचन बघायला घुसल्या. दारं उघडायच्या, ट्रॉल्या ओढायच्या, आत हात घालून बघायच्या. मी दाराशी उभा होतो, या वेळी मला कुणी हाकललं नाही. आक्का आत भिंतीला टेकून बसली होती, डावा हात झाकून. एका बाईनं ती फळी ओढली. फळी बाहेर आली, पाय खाली टेकला.

"अगं बया, हे काय काढलंय? येवढं खाली कावून?"

सगळ्या बघायला लागल्या. आक्कानं मान खाली घातली. आमच्या हिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

भाच्याची बायको पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "माझ्यासाठी हाय. मला उभ्यानं भाकरी जमत न्हाई, कंबर धरती. मीच मामीला सांगून करून घेतलं."

"या वयात कंबर?" एक म्हातारी म्हणाली. दोघी-तिघी हसल्या. आजकालच्या सुना, असं कुणीतरी पुटपुटलं. ती हसू देत राहिली त्यांना. उलट खुर्ची ओढून फळीपाशी बसली, काटवट घेतली, पीठ घेतलं आणि बायकांच्या घोळक्यात भाकरी थापायला लागली. चांगली भाकरी करणारी बाई ती, मी तिच्या हातची खाल्लीय. पण त्या दिवशी भाकरी अशी थापली की एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, कडेला फाटलेली. मी आमच्या हिच्याकडं बघितलं. हिचं लक्ष भाकरीकडं नव्हतं, आक्काकडं होतं.

आक्का ते बघत होती. तिला बघवेना. आधी तोंड वाकडं केलं, मग काठी आपटली.

"सरक तिकडं. भाकरी हाय का काय हाय ती."

सून लगेच उठली. आक्का खुर्चीवर बसली. गुडघे आत गेले, कोपर फळीवर आलं, जिथं यायचं तिथंच. तिनं फाटलेली भाकरी मोडून गोळा केला, मळला, पीठ पसरलं आणि एका हातानं थापायला लागली. थाप द्यायची, तळव्यानं फिरवायची, पुन्हा थाप. डावा हात भिंतीकडं निवांत पडलेला. मघाशी हसणाऱ्या बायका आता वाकून बघत होत्या. कुणी काही विचारलं नाही, विचारायला काही उरलंच नव्हतं. सासू सुनेला भाकरी शिकवत होती, गावातल्या प्रत्येक घरात चालतं तसं. तयार झाली तशी सुनेनं ती अलगद उचलून ताव्यावर टाकली आणि फुगली तेव्हा खाली काढली.

मी हात धुवायला निघालो होतो. पहिली भाकरी माझीच असणार, लहानपणापासून तेच चालत आलंय. पण आक्कानं ताट आपल्याकडं ओढलं, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि सुनेचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"कंबर दुखती म्हणलीस न्हवं," आक्का म्हणाली. "मंग बस हितं. आदी तू खा."